कुंपणावरची बदकं

नॉर्डाल, विस्कॉन्सिन
११ फेब्रुवारी १९८६

कोरीन,

तुझं पत्र मिळालं. फोन नको, पत्रच लिही असं मीच म्हटलं होतं. फोनवर तू रडतेस, मी खिडकीतून बाहेर बघत राहतो, आणि तुझी बहीण दुसऱ्या खोलीतला फोन उचलून ऐकत असते. तिचा श्वास ऐकू येतो. मर्नाला सांग, सर्दीवर काहीतरी घे.

मी बरा आहे. जेवतो. टारही जेवतो, पण माझ्याकडे न बघता, शेपटी न हलवता. रस्त्यापलीकडून बर्नेट दर रविवारी नवऱ्याच्या, ओडेलच्या हाती मांस-बटाट्यांचं हॉटडिश पाठवते. तो दार वाजवत नाही. पायरीवर भांडं ठेवून निघून जातो, मग मला टायरच्या खुणांवरून कळतं की जेवण आलंय. भांडी खूप साठली आहेत. सगळ्यांच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर 'बर्नेट स्कार' असं नाव, जसं काही मी ती माझी म्हणून खपवणार आहे.

तू विचारलं आहेस ते मी नीट वाचलं. मेच्या शेवटी मेमोरियल डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायला जाणार आणि तुला फुलं ठेवायला जागा नाही. म्हणून त्याआधी आपल्या नेल्ससाठी चर्चमध्ये प्रार्थना व्हावी, दगड उभा राहावा, पेटी रिकामी पुरावी लागली तरी चालेल. पाद्री ओस्बी तयार आहेत. मी तयार नाही. हेच मी तुला नाताळानंतर सांगितलं आणि तू बॅग भरून डुलुथला मर्नाकडे गेलीस. माझं उत्तर बदललेलं नाही. जो पोरगा सापडला नाही त्याला मी पुरणार नाही.

आणि तो सापडणार आहे. मी वेड्यासारखं बोलत नाही, ऐकून घे.

काल पार्कच्या धक्क्यावर आणखी एक लाकडी बदक होतं, शिकारीत खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडतो त्यातलं. कुंपणाच्या तारेला, मानेत सुतळी घालून लटकावलेलं. मी दुरूनच ओळखलं. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा. तू नेहमी उजव्यापासून सुरुवात करतेस आणि दुसऱ्या डोळ्यासाठी खिळा रंगात बुडवताना त्याच्या डोक्यावर पिवळा रंग जास्त येतो. मी कोरायचं, नेल्सने रंगवायचं, तू डोळे घालायचे. आपल्या घराखेरीज असली तिरळी बदकं या नदीवर कुणाकडे नाहीत. पोटाखाली नेल्सची डागलेली खूणही आहे.

बर्फावर मासे धरायला बसणाऱ्यांपैकी कुणाला तरी ते गोठलेलं सापडलं असणार, आणि त्याने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, मालकाने येऊन न्यावं म्हणून, कुंपणाला लावलं. ओडेलचा चुलता शेजाऱ्यांच्या कोंबड्या पळवायचा, पण वाहून आलेलं लाकडाचं बदक त्यानेही कधी घरी नेलं नाही.

आता विचार कर. नेल्सने त्या दिवशी शिकारीला जाताना सगळी बदकं नेली, शेडमधली मांडणी रिकामी होती. बोट उलटी सापडली ती नदीच्या लांडगा फाट्यात, रेल्वेच्या भरावापाशी. म्हणून शेरीफच्या माणसांनी बर्फ धरेपर्यंत लांडगा फाट्याचाच तळ आकड्यांनी खरवडला. पण बोट रिकामी, हलकी, वारा नेईल तिकडे जाते. बदकाला खाली शिशाची पट्टी असते, ते पाण्याबरोबर जातं. आणि पार्कच्या धक्क्यावर पाणी येतं ते हंस फाट्यातून. मी आयुष्यभर धरणाच्या लॉकवर, बोटींसाठी पाणी चढवण्या-उतरवण्याचं काम केलं. पाणी कुठून कुठे जातं हे मला पाद्र्यांनी शिकवायला नको.

तो हंस फाट्यात आहे. बर्फ सुटलं की मी जाणार.

ट्रकच्या काचेवर पार्कच्या प्रवेशाचं नव्या वर्षाचं स्टिकर लावलं आहे. आठवड्यातून एकदोनदा तिथल्या कड्यावर जाऊन येतो, बस.

लेलँड


३ मार्च

कोरीन,

मर्नाच्या सांगण्यावरून लिहिलंस की तुझ्या डोक्यातून आलं, ते कळलं नाही. "वाहून आलेल्या बदकाची दोरी कोण गुंडाळून ठेवतं?" असं तू विचारतेस. मीच तुला फोनवर सांगितलं होतं की त्यांच्या नांगराच्या दोऱ्या पोटाखाली आठाच्या आकड्यात नीट गुंडाळलेल्या आहेत, आणि तू ते जपून ठेवलंस माझ्यावर फेकायला.

ज्याला सापडतं तो गुंडाळतो. मलाही दुसऱ्याचं बदक सापडलं असतं तर मी गुंडाळली असती. लोकांना वळण असतं. डुलुथमध्ये नसेल.

आणि हो, त्यांना गोठ्याचा वास येतो. हे तू विचारलेलं नाहीस, मीच सांगतो, म्हणजे उद्या तेही माझ्यावर यायला नको. बर्फ वितळायला लागलं की चारी बाजूंच्या शेतांतलं शेण वाहून पाण्यात येतं. मार्चमध्ये अख्ख्या नदीलाच गोठ्याचा वास येतो.

कड्यावर एकदोनदा जातो असं लिहिलं होतं ते खोटं होतं. मी रोज जातो. पार्कच्या तिकिटाच्या खिडकीत इनेझ असते, तिने तुला सांगण्याआधी मीच सांगतो. सकाळी तिची कॉफी होण्याआधी माझा ट्रक फाटकाशी उभा असतो. परवा ती म्हणाली, "लेलँड, कडा पळून नाही गेला रे. मी रात्री बघून ठेवते."

मी म्हटलं, "वरचा रस्ता उघड."

"बर्फ आहे वर. घसरलास तर मला कागद भरावे लागतील."

"चालत जातो."

"मग काठी घे. आणि परत येताना हात कर, म्हणजे मला कळेल तू आहेस."

मी हात करतो. बाई वाईट नाही.

कड्यावरून सगळं दिसतं. पाणथळीतले फाटे, त्यांच्यामधली बेटं, पिवळं पडलेलं पाणकणीस, मासेवाल्यांच्या झोपड्या, आणि पलीकडे मिनेसोटाचे कडे. धरणाखाली जिथे पाणी गोठत नाही तिथे पांढऱ्या डोक्याचे गरुड झाडांवर बसलेले असतात. वर ती लोखंडी दुर्बीण आहे ना, नेल्स लहान असताना तिच्यावर चढून बसायचा आणि उतरायला तयार नसायचा. तिने मी हंस फाटा बघतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. काही दिसत नाही. बर्फच आहे. तरी बघतो.

तुला वाटत असेल मला वर काहीतरी होत असेल. काही होत नाही. गुडघे दुखतात तेवढंच. चर्चमध्ये लोक माझा हात दोन्ही हातांत धरतात, तेव्हा मी त्यांच्या घड्याळांकडे बघतो. दंतवैद्याच्या सुईनंतर गाल असतो तसा मी सगळाच आहे. चावलं तरी कळणार नाही.

शेडमध्ये नेल्सच्या बाकावर ते अर्धवट बदक तसंच आहे. त्याने पहिल्यांदा एकट्याने कोरलेलं. मी त्याला हात लावलेला नाही. बाकीची परत आलेली मी मांडणीवर लावतो. बदक मिळालं की संध्याकाळी शेडमध्ये जातो, दिवा लावतो, ते पुसतो, त्याच्या जागेवर ठेवतो. त्या दिवशी झोप बरी लागते.

लेलँड


२२ मार्च

कोरीन,

बर्फ काठापासून सुटायला लागलं. हंस आले आहेत. पाणथळीवर त्यांचा गलका चालू असतो, इनेझ म्हणते खिडकी लावूनही तिला फोनवर बोलता येत नाही.

आणखी एक बदक.

तू लिहितेस की मी हो म्हणत नसेन तर तू मर्नाच्या चर्चमध्ये प्रार्थना करशील, मे महिन्यात, तिथेच दगडही लावशील. मी तुला अडवू शकत नाही. पण तिथे नेल्सला ओळखणारं कोण आहे? तुझ्या मेहुण्याला त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही. त्या चर्चच्या टेकडीवरून त्याची नदी दिसत नाही, एक सरोवर दिसतं, आणि तो सरोवराला काय म्हणायचा ते तुला माहीत आहे. "कुठेच न जाणारं पाणी."

मी येणार नाही. मी इथे असेन. कुणीतरी इथे असायला हवं.

लेलँड


१३ एप्रिल, रविवार

कोरीन,

बर्फ गेलं आणि पाणी आलं. धक्क्याचा अर्धा उतार बुडाला आहे. पाणथळीतून जाणारी फळ्यांची वाट पाण्याखाली गेली, फक्त कठड्याचे खांब वर दिसतात. नदी मोठमोठी झाडं घेऊन चालली आहे. इनेझने धक्क्यावर फळी आडवी लावून 'बोटींना बंद' लिहिलंय. फळी उचलून बाजूला ठेवता येते.

अजून वाट बघितली तर पाणी उतरताना सगळं घेऊन जाईल, आणि मग तो कधीच मिळणार नाही. मी गुरुवारी सकाळी हंस फाट्यात जाणार. लोखंडी आकडा केला आहे, दोरी नवी आहे.

घर तापवायच्या भट्टीचं तेल भरून घेतलं. तळघरातलं पाणी उपसायच्या पंपाचा खटका सरकवताना जरा वर उचलावा लागतो, विसरू नकोस. टारला बुधवारी ओडेलकडे सोडेन. तो पाण्याच्या जवळ येत नाही आता, बोटीत बसणार नाही. ट्रकची किल्ली चाकावर असेल.

तू म्हणशील मी तुला का लिहितोय हे सगळं. पंपाचं कुणाला तरी माहीत असायला हवं म्हणून.

लेलँड


१८ एप्रिल

कोरीन,

मी घरी आहे. बर्नेटने तुला रात्रीच कळवलं असेल. तू तिला फोन करून काय काय म्हणालीस तेही तिने मला सांगितलं, आणि म्हातारा बैल हे मी मान्य करतो.

काय झालं ते तू तिच्याकडून ऐकलं आहेस, पण ती तिथे नव्हती. मी होतो. म्हणून लिहितो.

उजाडल्यावर मी धक्क्यावर गेलो. फळी बाजूला केली, बोट ट्रेलरवरून अर्धी पाण्यात उतरवली. पाणी तपकिरी होतं आणि जोरात होतं. तेवढ्यात ओडेलचा पिकअप आला. तो उतरला, टोपी मागे सारली आणि माझ्या शेजारी येऊन पाण्याकडे बघत उभा राहिला.

"पाणी चढलंय," तो म्हणाला.

"चढलंय."

"अजून चढेल म्हणतात."

"चढेल."

"वाराही आहे."

"आहे थोडा."

इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं एवढंच असतं, तू नेहमी हसायचीस. मला वाटलं आता तो जाईल. तो गेला नाही.

"कुठे निघालास?"

"हंस फाट्यात."

"तिथे काय आहे?"

"बदकं तिथून येतायत, ओडेल. मी सगळा हिशेब लावलाय पाण्याचा."

तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. मग म्हणाला, "नाही येत."

"काय नाही येत?"

"तिथून नाही येत बदकं."

तो पिकअपकडे गेला आणि मागून एक पोतं काढलं, गाईंच्या खाद्याचं. ते आणून त्याने माझ्या बोटीत ठेवलं. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज झाला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. मी पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं. तिरळी, सगळी माझ्याकडे बघत होती. दोऱ्या पोटाखाली आठाच्या आकड्यात गुंडाळलेल्या. आणि गोठ्याचा वास.

"तो गेला त्याच्या आदल्या शनिवारी नेल्सने दिली होती," ओडेल म्हणाला. "आयोवाहून जावई येणार होता, त्याच्याकडे बदकं नव्हती. नेल्स म्हणाला, ने अर्धी, मला अर्धी पुरतात. सोमवारी परत करायची होती."

सोमवारी शेरीफच्या बोटी आल्या होत्या.

मी विचारलं, "मग आणून का नाही दिलीस?"

"काय म्हणून आणू?" त्याचा आवाज चढला. ओडेलचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला, बैल गोठ्याचं दार मोडून गेला तेव्हाही चढला नव्हता. "दारात उभा राहून काय म्हणू? हे घे, तुझ्या पोराची बदकं, आम्ही मजेत शिकार करून आलो? बर्नेट रोज डोकं खायची, नेऊन दे, नेऊन दे. दोनदा तुझ्या पायरीपर्यंत आलो पोतं घेऊन. तू खिडकीत बसलेला. हॉटडिश ठेवलं आणि परत गेलो."

"म्हणून कुंपणाला लावलीस."

"वाहून आलेली लावतातच ना. तुला तुझं मिळेल, मला बोलावं लागणार नाही."

"पण एकेक करून का?"

"एकदम लावली असती तर तुला कळलं असतं." त्याने पोत्याचं तोंड बंद केलं. "आणि तू शेडमध्ये दिवा लावायचास. बदक मिळालं त्या रात्री. बर्नेट स्वयंपाकघरातून बघायची. म्हणायची, आज लेलँडच्या शेडमध्ये दिवा आहे. मग मला वाटलं, पुरवून पुरवून लावावीत. हिवाळा लांब होता."

मर्ना म्हणेल, त्याचं थोबाड फोडायला हवं होतं. माझ्या मनात आलंही. पण ज्याने मला सगळा हिवाळा चुकीच्या पाण्याकडे बघायला लावलं, त्यानेच सगळा हिवाळा मला जेवू घातलं होतं. त्यातल्या कशासाठी थोबाडीत मारायची ते मला ठरवता येईना.

"तू बोट घेऊन जाशील असं नव्हतं वाटलं," तो म्हणाला. "काल कोरीनचा फोन आला आणि बर्नेटने माझ्या ताटातलं जेवण उचलून नेलं. म्हणाली, आधी त्याला सांगून ये, मग जेव. लेलँड, आज तू या पाण्यात गेलास तर परत येणार नाहीस. मला अजून एक पोतं भरायला लावू नकोस."

मी बोटीच्या काठावर बसलो, त्या पोत्याशेजारी. मला वाटत होतं काही होणार नाही, एवढे महिने झालं नाही तसं. मग मला रडू आलं. कोरीन, मला लाज वाटली नाही. मी मोठ्याने रडलो, नाक वाहेपर्यंत, तिथे धक्क्यावर, 'बोटींना बंद' लिहिलेल्या फळीपाशी. ओडेलने पाठ फिरवली आणि कड्यावर घिरट्या घालणारी गिधाडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला. गिधाडांत त्याला एवढा रस कधीच नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "थर्मासमध्ये कॉफी आहे."

मी म्हटलं, "चालेल."

आम्ही बोट परत ट्रेलरवर ओढली. मग मी त्याला म्हटलं, वर चल. कड्यावर तो शाळेत असताना शेवटचा चढला होता, तेव्हा कुठल्या तरी मुलीचं नाव कोरायला. बर्नेटचं नव्हतं. दर वळणावर थांबून तो झाडाला हात लावून उभा राहायचा आणि झाड बघतोय असं दाखवायचा. इनेझने आम्हा दोघांना बघून खिडकी उघडली, काहीतरी ओरडणार होती, मग नुसताच हात केला.

वर पोचल्यावर मी सवयीने दुर्बीण हंस फाट्याकडे फिरवली आणि मला हंस फाटा सापडला नाही. लांडगा फाटाही सापडला नाही. बेटं बुडाली होती. पाणकणीस बुडालं होतं. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एकच पाणी होतं, मधून नुसती झाडांची डोकी वर आलेली. मी त्यात वाट शोधत राहिलो, कुठून येतं, कुठे जातं. आयुष्यभर हेच केलं. सांगता येईना.

ओडेलला धाप लागली होती. तो कठड्याला टेकला आणि म्हणाला, "इथेच आहे तो, लेलँड. यातच कुठेतरी."

मला वाटलं मी चिडेन. मी चिडलो नाही. बरोबर होतं ते.

आज एवढंच. मला झोप येते आहे.

लेलँड


६ मे

कोरीन,

पाणी उतरलं. फळ्यांची वाट वर आली आहे, चिखलाने माखलेली, इनेझ पाइप घेऊन धुते आणि नदीला शिव्या देते. काठावर पिवळी फुलं आली आहेत. टार काल धक्क्यापर्यंत आला. पाण्यात नाही गेला, पण पुढचे पाय ओले केले.

मी पाद्री ओस्बींकडे जाऊन आलो. त्यांनी मला बसवलं आणि सांत्वनाचं काही बोलायला लागले, तर मी म्हटलं, तारीख सांगा. चोवीस मे, शनिवार. मेमोरियल डेच्या आधी. तुला हवं होतं तसं. दगड आपल्या चर्चच्या मागे, माझ्या वडिलांच्या शेजारी. तिथून झाडांच्या वरून कडा दिसतो, हे मला यापूर्वी कधी दिसलं नव्हतं.

मी हो म्हणतोय, कोरीन. डुलुथमध्ये करू नकोस. त्याला इथेच असू दे.

चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाटे, बर्नेटने सगळ्या बायकांना कामाला लावलं आहे. मी तिची सगळी भांडी धुऊन एका फेरीत परत नेली. तिने ती मोजली नाहीत, हे मुद्दाम मला दिसेल असं केलं. ओडेल अंगणात होता. आम्ही पावसाबद्दल बोललो. मग तो म्हणाला की पेटी उचलायला चौथा माणूस हवा असेल तर तो आहे. मी म्हटलं, पेटी हलकी असेल. तो म्हणाला, तरी.

पेटीत काय ठेवायचं ते आपण दोघं ठरवू. मला वाटतं, त्याचा तो हिरवा कोट, जो तू तीनदा फेकून दिलास आणि त्याने तीनदा परत आणला. आणि पोत्यातली बदकं. मांडणीवर होती तीही मी काढून त्यांच्यात ठेवली आहेत. जी त्याच्याबरोबर गेली त्यांतलं एकही परत आलेलं नाही, आणि आता मी वाट बघत नाही. त्याच्याकडे अर्धी आहेत. अर्धी पुरतात असं तोच म्हणाला होता.

एक मात्र पेटीत ठेवायचं नाही. त्याच्या बाकावरचं ते अर्धवट. मी काल पहिल्यांदा हातात घेतलं. मान जरा जाड ठेवली आहे, पंखांपाशी घाई केली आहे, पण पाण्यावर सरळ बसेल. मी ते घासलं आणि रंग दिला, त्याच्या डब्यांतून. पोटाखाली त्याची खूण त्याने आधीच डागून ठेवली होती. आता फक्त डोळे राहिलेत. मी खिळा हातात घेतला आणि परत ठेवला. ते माझं काम नाही.

तू शुक्रवारच्या बसने ये, मी थांब्यावर असेन. मर्नाही येऊ दे, तिला तुझी शिवणाची खोली देतो. पिवळा रंग ढवळून ठेवला आहे. उजव्यापासून सुरुवात कर, नेहमीसारखी.

शनिवारी सगळे जेवून गेले की आपण टारला घेऊन पार्कमध्ये जाऊ आणि ते बदक धक्क्यावरच्या कुंपणाला लावू. कुणी नेणार नाही. ज्याचं आहे त्याने येऊन न्यावं म्हणूनच आपण ते लावतो.

लेलँड